तिन्हीसांजेला टांगलेली अडीचशेरी

मित्रांनो, इस्पितळाच्या या दारातून आत येताना पायाला ठेच लागली ना? ती माझीच हो. रागावू नका. समुद्रावरून वारा सुटला की हे दार धाडकन आपटते आणि आजारी माणसे दचकून उठतात, म्हणून मला इथे टेकवून ठेवले आहे. मी एक जुनी अडीचशेरी आहे. अडीच शेरांचे लोखंडी वजन, डोक्यावर कडी असलेले. तुम्ही किलो आणि ग्रॅम शिकलेली मुले, तुम्हाला शेर ठाऊक नसणार. घरी आजीला विचारा, ती तोंडभरून सांगेल.

वजन म्हटले की ते मुके आणि ठोंब असणार, असे लोक धरून चालतात. धरोत बापडे! मी जन्मभर तोलत आले आहे, आणि तोलता तोलता बरेच काही कळते. फक्त बोलता येत नाही. एकदा तर या न बोलता येण्याचे मला इतके वाईट वाटले होते की विचारू नका. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म घाटावरचा. कोल्हापूरकडच्या एका ओतशाळेत तापलेल्या लोखंडाचा रस वाळूच्या साच्यात ओतला आणि मी झाले. माझ्या बुडाला एक भोक आहे, त्यात शिसे भरून माझे वजन अगदी बरोबर केले. मग बैलगाडीत बसून फोंडाघाट उतरले आणि मालवणच्या बाजारात तायशेट्यांच्या दुकानात आले. पाच शेरांची थोरली पासरी, मधली मी आणि धाकटा शेर, अशी आम्ही भावंडे एका फळीवर बसत असू. तांदूळ, गूळ, सुक्या मिरच्या, कोकमाची सोले, सगळे आमच्या समोरच्या पारड्यात येई. गिऱ्हाईक तागडीच्या काट्याकडे डोळे लावून बसे, आणि काटा मधोमध थांबला की खुशीत पिशवी पुढे करी.

त्या दुकानाची एक रीत होती. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी तागडी रिकामी करायची. वजने उतरवून फळीवर मांडायची, वर हळदकुंकवाचे बोट टेकवायचे, हात जोडायचे. तागडीत वजन टांगलेले राहिले तर घरातले माणूस दुखण्यात लटकत राहते, असे थोरले तायशेटे सांगत. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा गुरुदास गादीवर बसला, तरी हे दिवाबत्तीचे काम त्याची बायको नर्मदा करी. एक संध्याकाळ तिने कधी चुकवली नाही. अंगात ताप असला तरी उठायची आणि आम्हाला उतरवायची. मला तिचा हात फार आवडे. खरखरीत होता, पण ती आम्हाला कधी आपटून ठेवत नसे.

मग साठ सालच्या सुमाराला किलोची नवी वजने आली. सरकारी माणूस येऊन सांगून गेला की जुन्या शेरांनी तोलणे आता बंद. झाले! काल ज्यांच्यापुढे हात जोडत होते, त्यांना आज कोपरा दाखवला. पासरी एका रापणकाराने जाळ्याला बांधायला नेली. शेर कुठे गेला, देव जाणे. मी मात्र गोणपाटाखाली पडून राहिले. एवढे खरे तोलूनही आपण भंगारच, असे वाटून माझा जीव अगदी कडू झाला होता.

एके दिवशी इस्पितळाचे डॉक्टर आजगावकर काड्यापेटी घ्यायला दुकानात आले आणि त्यांचे लक्ष माझ्या कडीकडे गेले.

"गुरुदासशेट, ही मला द्याल का? मोडलेला पाय ताणायला मी वाळूची पिशवी टांगतो. ती गळून हलकी होते, नाहीतर भिजून जड होते. मला रोज तेवढंच भरणारं काहीतरी हवं आहे."

"न्या की," गुरुदास म्हणाला. "पण डॉक्टरानू, ती आमच्या बापाशीच्या हातची आसा. भंगारात घालू नका."

नर्मदेने मला चिंचेने घासले, कुंकू लावले आणि मुलीला सासरी धाडावे तशी डॉक्टरांच्या हाती दिली.

इस्पितळ लहानसे होते. बायकांची खोली आणि पुरुषांची खोली यांच्यामध्ये अर्धी भिंत होती. इकडचा खोकला तिकडे आणि तिकडच्या गजाली इकडे ऐकू येत. मांडीचे हाड मोडलेला रोगी आला की त्याच्या पायाला चिकटपट्टी लावायची, पट्टीला दोरी बांधायची, ती दोरी खाटेच्या पायथ्याशी कप्पीवरून सोडायची आणि टोकाला मला टांगायचे. खाटेचा पायथा दोन चिऱ्यांवर उचललेला असे. मोडलेल्या हाडाची टोके एकमेकांवर चढू पाहतात. मी रात्रंदिवस पाय हळूच ओढून धरते, म्हणून ती समोरासमोर येतात आणि सरळ सांधतात. कप्पीसुद्धा आपल्याच बंदरातली. गंगाराम तांडेलाने आपली होडी मोडीत काढली, तेव्हा शिडाची एक कप्पी त्याने डॉक्टरांना देऊन टाकली होती.

इथे मला पुन्हा मान मिळाला. एक-दोन पाय मी सरळ केले. सुभद्रा नर्स मला रोज पुसून ठेवी. ती विजयदुर्गकडची, बोलायला चटपटीत आणि हाताने हलकी. माझे बरे चालले होते म्हणा ना.

पुढच्या वैशाखात एका दुपारी खाटल्यावर घालून एका मुलीला आणले. जांभळीची फांदी ठिसूळ, हे काय कोकणातल्या मुलीला सांगायला हवे? पण वरच्या टोकाची जांभळे काळीभोर दिसली आणि शहाणपण खालीच राहिले. फांदीसकट ती खाली आली आणि मांडीचे हाड मोडले. तिच्यामागून धावत आलेली बाई मी ओळखली. ती नर्मदा होती. आणि ती मुलगी तिची तुळसा, दुकानाच्या फळीवर चढून माझ्या कडीत बोट घालणारी.

डॉक्टरांनी पाय ताणून दोरी बांधली आणि मला टांगले. तुळसा कळवळून ओरडली. नर्मदेने माझ्याकडे पाहिले आणि मटकन खाली बसली.

"ही आमचीच अडीचशेरी," ती म्हणाली. "आमचाच वजन आमच्याच चेडवाच्या पायाक!"

"काढायचं नाही हं हे," डॉक्टर गुरुदासला म्हणाले आणि दुसऱ्या रोग्याकडे वळले. बाहेर ओटीवर माणसे ताटकळत होती. कशासाठी काढायचे नाही, ते सांगायला त्यांना उसंत झाली नाही.

पहिले काही दिवस तुळसाला जड गेले. पण पोर मुलखाची बडबडी. अर्ध्या भिंतीपलीकडे गंगाराम तांडेलच पायाच्या जखमेसाठी येऊन पडला होता. त्याची आणि तिची तिथूनच गट्टी जमली.

"गो चेडवा, आज काय म्हणता माझी कप्पी?"

"ओढता हो, तांडेलानू. तुमचा शीड फाटला आणि माझो पाय गावलो तिका!"

तिला एकच ध्यास होता. भादव्यात गौरीच्या रात्री मैत्रिणीशी, जानकीशी, फुगडी घालायची. गेल्या वर्षी जानकीने तिला दमवले होते. "यंदा मी तिका गरागरा फिरवतलंय," असे ती येईल त्याला सांगे. सुभद्रा तिची वेणी घाली, पेजेची निवळ पाजी, पाठीला चट्टे पडू नयेत म्हणून तेल लावी आणि म्हणे, "आधी पाय, मगे फुगडी. गडबड केलंस तर तुझ्या वाटची फुगडी मी घालतलंय."

एवढे सगळे ठीक होते, पण एक गोष्ट मला दिसत होती आणि कुणालाच सांगता येत नव्हती. तिन्हीसांज झाली की सुभद्रा कंदिलांच्या काचा पुसायला मागल्या पडवीत जाई. नेमक्या त्या वेळी नर्मदा उठे, एक स्टूल माझ्याखाली सरकवी आणि मला अलगद त्यावर टेकवी. दोरी ढिली पडे. मग माझ्यावर कुंकवाचे बोट टेकवून ती हात जोडी. सकाळी डॉक्टर यायच्या आत स्टूल काढून पुन्हा मला सोडी. काढायचे नाही म्हणून सांगितले होते ना? तिने काढले नव्हतेच, नुसते टेकवले होते! माणसाचे मन कसे वाट काढते बघा.

तुळसाला त्या क्षणी हायसे वाटे. पण रात्री पाय आखडे, हाडाची टोके पुन्हा एकमेकांवर चढत आणि पोर विव्हळे. नर्मदा तिच्या कपाळावरून हात फिरवी आणि मनात म्हणे, दिवसभराच्या ओढीने दुखतेय माझ्या लेकीला. आणि दुसऱ्या संध्याकाळी आणखी घाईने मला टेकवी. अरे देवा! मी दिवसभर जे जुळवत होते, ते रात्रभर मोडत होते. ओरडता आले असते तर मी सारे इस्पितळ गोळा केले असते. तोंडच नाही, तर काय करणार?

मग एका सकाळी डॉक्टरांनी टेप लावून दोन्ही पाय मोजले. पुन्हा मोजले. त्यांचा चेहरा उतरला.

"गुरुदासशेट, हे जुळायला हवं होतं. पाय अजून आखूड आहे. हाड असंच धरलं तर मुलगी जन्मभर लंगडेल. आठवडाभर वाट पाहू. नाहीतर मिरजेला नेऊन ऑपरेशन करावं लागेल."

मिरज म्हणजे घाट चढायचा, तोही मोडका पाय घेऊन, आणि पाऊस तोंडावर आलेला. तुळसाने चादर तोंडावर ओढून घेतली. त्या दिवशी तिने गंगारामाच्या हाकेला ओ दिली नाही.

म्हाताऱ्याला ते फार लागले. पोरीला हसवायचे म्हणून त्याने दुपारी सुभद्रेशी मुद्दाम मोठ्याने कुरबूर काढली. "नर्सबाय, माझ्या कप्पीक वाईच खोबरेल घाला गो. तिनसांजेक कुरकुरता, फाटफटी कुरकुरता. माझी झोप मोडता ती."

सुभद्रा हसली, "घालतंय हो," म्हणाली आणि तेलाची बाटली आणायला वळली. वळता वळता थांबली. दोरी सरकल्याशिवाय कप्पी रोज तिन्हीसांजेला आणि पहाटे कशी कुरकुरेल? बाटली तिने आणलीच नाही.

त्या संध्याकाळी कंदील पुसायला ती गेलीच नाही. नर्मदेने स्टूल सरकवले, मला टेकवले, कुंकवाचे बोट पुढे केले, आणि मान वर करते तो दारात सुभद्रा.

सुभद्रेचा चेहरा लाल झाला होता. तिची जीभ मला ठाऊक होती, आता ही बाईचे वाभाडे काढणार असे मला वाटले. पण तिची नजर त्या कुंकवाच्या बोटावर गेली. तिने पुढे होऊन आधी मला दोरीवर सोडले, स्टूल दूर केले आणि नर्मदेजवळ जमिनीवरच बसली.

"वैनी, ह्या कित्या केलास?"

"तिनसांज झाली, बाय. वजन टांगता ठेवचा नाय. टांगता रवला तर घरातला माणूस लटकत रवता." नर्मदेला रडू आवरेना. "माझा चेडू असाच लटकत रवला तर मी काय करू?"

सुभद्रेने विचारले, "दुकानात गिऱ्हाईकाचो तांदूळ पारड्यात आसा, काटो अजून थांबूक नाय, आणि तिनसांज झाली. मगे वजन उतरवतास?"

"छे गो. अर्धो तोल मोडूचो नाय. दिवो लावचो, तोल पुरो करूचो आणि मगेच वजन उतरवचा. आमच्या मामंजींचीच शिकवण ती."

"मगे हयसर काय आसा? ह्या बाजूक तुळसाचा हाड, त्या बाजूक ही अडीचशेरी. काटो थांबूक नाय अजून. आणि तुमी रोज तिनसांजेक अर्धो तोल मोडतास, वैनी."

नर्मदेने माझ्याकडे पाहिले. मग दोरीकडे, कप्पीकडे आणि तुळसाच्या पायाकडे पाहिले. जन्मभर तागडी सांभाळलेली बाई ती. तिला आणखी काही सांगावे लागले नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती हमसून हमसून रडली, आणि सुभद्रा तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. मला सांगा, मुलांनो, औषध काय फक्त बाटलीतच असते?

डॉक्टरांना सारे कळले. ते रागावले नाहीत. "कारण मी सांगायला हवं होतं," एवढेच म्हणाले आणि नर्मदेला समोर बसवून, एक पेन्सिल मोडून तिचे दोन तुकडे कसे चढतात आणि कसे जुळतात, ते दाखवले.

खरी कसोटी पुढेच होती. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला तुळसा म्हणाली, "आये, खाली ठेव गो तिका."

"नाय, बाय."

"वाईच टेकव. रोज टेकवतस ना?"

नर्मदेने दिवा लावला. हात जोडले. मग ती खाटेजवळ बसली आणि आपले दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले. तुळसा रडली, रुसली, आईशी बोलायचे नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून राहिली. नर्मदेच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात काही सुटले नाहीत. मित्रांनो, मी मणांचे हिशेब पाहिलेले वजन आहे. पण त्या संध्याकाळी त्या दोन हातांवर जे ओझे होते, ते कुठल्या तागडीत मावले नसते. भिंतीपलीकडून गंगाराम होडीच्या गजाली सांगू लागला, शीड ओढून धरले नाही तर होडी कशी भरकटते ते सांगू लागला, आणि रडता रडता पोर झोपून गेली.

त्या रात्री तिचा पाय आखडला नाही. पुढच्या रात्रीही नाही. आठवड्याने डॉक्टरांनी टेप लावला तेव्हा गुरुदास देवाचे नाव घेत दाराशी उभा होता. दोन्ही पायांतला फरक पुष्कळ कमी झाला होता. मिरजेचे नाव मागे पडले. बाहेर पाऊस धरला, कौले वाजू लागली, समुद्र गढूळ झाला आणि आत मी शांतपणे ओढत राहिले. आता मला कसली चिंता नव्हती. तिन्हीसांजेला नर्मदा स्वतःच पहाऱ्याला बसे. कुणी पाहुणा सहज दोरीला हात लावायला गेला, तर त्याची धडगत नसे.

आषाढात एका दुपारी डॉक्टरांनी पुन्हा पाय मोजले आणि टेप गुंडाळून खिशात टाकला. "जुळले. हाड धरलं आहे. नर्मदाबाई, आता तुम्हीच उतरवा हिला."

नर्मदा उठली नाही. "तिनसांज होऊ दे," ती म्हणाली.

डॉक्टर हसले आणि चक्क थांबले. संध्याकाळी दिवा लागला. गुरुदास, सुभद्रा, काठी टेकत आलेला गंगाराम, सगळे खाटेभोवती उभे होते. नर्मदेने दोन्ही हातांनी मला दोरीवरून उतरवले, पाटावर ठेवले आणि हळदकुंकू वाहिले.

"तोल पुरो झालो गो, बाय," ती मला म्हणाली. "आता विसावो घे."

मी लोखंडाची आहे. तरी सांगते, मला गहिवरून आले.

तुळसाचा पाय काडीसारखा बारीक झाला होता. पहिल्यांदा उभी राहिली ती सुभद्रेच्या गळ्यात पडूनच. कुबड्या, मग काठी, मग भिंतीचा आधार, असे करत ती घरी गेली. गंगारामही गेला, कप्पी मात्र इथेच ठेवून. मला वाटले, आता कसली येते ही पोर परत!

गौरी-गणपती झाले आणि दोन दिवसांनी दारात परकराची सळसळ ऐकू आली. तुळसा आली होती, हातात करंज्यांचा डबा.

"जानकीक हरवलंय," तिने आल्या आल्या सांगितले. "आता तुमची पाळी."

सुभद्रा नको नको म्हणत होती, पण तुळसाने तिचे हात धरलेच. खाटांच्या मधल्या जागेत दोघी पाय जुळवून उभ्या राहिल्या आणि गरागरा फिरू लागल्या. खाटांवरच्या बायका टाळ्या वाजवू लागल्या. मी खुंटीवरून तिचे पाय पाहत होते. दोन्ही सारखे पडत होते.

पुढे मुंबईहून नवी चकचकीत वजने आली, चाकाच्या कप्प्या आल्या. मी आधी कपाटाखाली गेले आणि मग या दाराशी. अंगावर गंज चढला आहे. पूर्वी वाईट वाटायचे, आता तितके वाटत नाही. दाराशी बसले की येणारे-जाणारे दिसतात. एवढी विनंती मात्र करते. आजाऱ्याला भेटायला याल तेव्हा माया घेऊन या, पण तिला डोळे असू द्या. दोरी, नळी, पट्टी यांना कळवळ्याने हात लावण्याआधी विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर किंवा नर्स झालेच, तर कारण सांगायला विसरू नका. जाता येता माझ्यावर थोडे खोबरेल चोळलेत तर तेही चालेल.

अहो, थांबा. ती बघा, पायरी चढून कोण येतेय. केस पिकू लागले आहेत, पण हात तेच, खरखरीत. आज सकाळी कट्टा गावची एक बाई आपल्या मुलाला घेऊन आली आहे, त्याच्या मोडलेल्या पायाला नवे वजन टांगले आहे. अशी बातमी बाजारात कळली की नर्मदा दुकानातला दिवा सुनेवर सोपवून इथे येते. ओळख ना पाळख, पण त्या मुलाच्या आईजवळ जाऊन बसते. तिन्हीसांज होते, पोर रडू लागते, आईचा हात आपसूक दोरीकडे जातो. नर्मदा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेते.

"हात लावू नको गो," ती म्हणते. "तोल पुरो होऊ दे. मी आसंय हयसर."